त्रेपन्न रुपये दहा पैसे

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे', 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर बरं, कारण आज मागे कुत्रं भुंकतंय आणि मला ते एडिट करून काढता आलेलं नाही. मी दिवाळीनंतर गावी आलोय, मोताळा तालुक्यात. बुलढाण्याची माणसं जगाचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे निघालं की डाव्या हाताला आत आमचं गाव, म्हणजे आम्ही घाटाखालचे. महिना डिसेंबर, साल २०२५. साल मुद्दाम सांगतोय, कारण आज भाव आणि कर यांचे आकडे येणार आहेत. तुम्ही दोन वर्षांनी ऐकलंत तर ते बदललेले असतील. म्हणजे वाढलेले असतील असं मी म्हणत नाही. बदललेले, एवढंच.

विषय डिझेल. पण सुरुवात होते त्रेपन्न रुपये दहा पैशांवरून.

माझे बाबा पिकअप चालवतात. स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर. सोयाबीन, कापूस, मका, सिमेंट, कधी लग्नाचा मंडप. मलकापूर, नांदुरा, खामगाव, कधी अकोला, कधी जळगाव. हंगामात दिवसाला दोनशे किलोमीटर सहज होतात. ही गाडी आणि तिच्या आधीची गाडी, या दोघींच्या भाड्यावर माझं बीटेक झालं.

तर उन्हाळ्यात मी हुशारी केली. बाबांना माझ्या खात्यावरचं ॲड-ऑन क्रेडिट कार्ड काढून दिलं. कारण साधं होतं. बाबांना डिझेल आज लागतं, भाडं मिळतं पंधरा-वीस दिवसांनी. अडत्या म्हणतो, माल विकला की देतो. शेतकरी म्हणतो, अडत्याने दिले की देतो. पूर्वी पंपावर उधारीचं खातं चालायचं. लांब वही, त्यात गाडीचा नंबर, महिन्याच्या शेवटी हिशोब. ते खातं पंपवाल्याने बंद केलं, त्यालाही टँकर यायच्या आधी पैसे भरावे लागतात. मग मधले वीस दिवस काढायचे कसे? मी म्हटलं, हा तर क्रेडिट कार्डाचाच प्रॉब्लेम आहे, पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी! मी कामच पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, मला नाही कळणार तर कोणाला कळणार.

पहिलं स्टेटमेंट आलं. बाबांना सवय आहे, प्रत्येक कागद वाचायचा. मी व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, पंधरा मिनिटांत फोन.

"हे त्रेपन्न रुपये कायचे रे?"

"कुठले बाबा?"

"मी डिझेल टाकलं साडेचार हजाराचं. पावती माह्याजवळ हाय, चार हजार पाचशे. याच्यात खाली अजून पंचेचाळीस, आन् त्याच्या खाली आठ रुपये दहा पैसे. मले वाटलं पंपावरच्या पोरानं मशीनमधी घोळ केला."

आणि मी काही समजावून सांगायच्या आत पुढच्या फेरीला त्यांनी त्या पंपावर जाऊन पोराला धरलं. भांडण असं नाही, पण आवाज वाढला. पोरगा म्हणाला, "काका, मशीन बँकेचं हाय, माह्या खिशात रुपया येत नाई." मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय. बाबा म्हणाले, "तुह्या खिशात येते असं मी म्हनूच नाई राह्यलो. पन कापले कोनं?"

हा प्रश्न एकदम बरोबर आहे. कापले कोणी?

तर आता जरा माझ्या धंद्यातली गोष्ट. कुठल्याही दुकानात तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदाराला पूर्ण पैसे मिळत नाहीत. त्यातून काही टक्के कापले जातात. ते तुमची बँक, दुकानदाराला मशीन देणारी बँक आणि मधलं कार्डाचं नेटवर्क वाटून घेतात. याला एमडीआर म्हणतात. कपड्याच्या दुकानात हे खपतं, कारण शर्टावर मार्जिन असतं. पंपावर खपत नाही. पंपवाल्याचं कमिशन कंपनीने ठरवलेलं असतं, डिझेलला लीटरमागे साधारण तीन रुपये, पेट्रोलला चारच्या थोडं वर. आता डिझेल ब्याण्णव रुपये धरा, आमच्याकडे आसपास तेवढंच आहे. त्याचा एक टक्का किती? ब्याण्णव पैसे. म्हणजे तीन रुपयांतले जवळजवळ एक रुपया बँकेला. उरलेल्या दोनमध्ये पोरांचे पगार, लाईट बिल, जमिनीचं भाडं. पंपवाला कार्ड घेणारच नाही.

म्हणून पेट्रोल-डिझेलमध्ये क्रेडिट कार्डाचा हा एक टक्का गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवला. त्याचं नाव फ्युएल सरचार्ज. आणि सरचार्ज ही बँकेची सेवा, म्हणून त्याच्यावर १८ टक्के जीएसटी. साडेचार हजारावर पंचेचाळीस रुपये, पंचेचाळीसवर आठ रुपये दहा पैसे. झाले त्रेपन्न दहा.

तुम्ही म्हणाल, अरे पण कार्डावर लिहिलेलं असतं, सरचार्ज माफ. असतं ना! आमच्याही कार्डाला आहे. फक्त बारीक अक्षरात असं आहे की एका वेळी ४०० ते ४,००० रुपयांच्या मधलं डिझेल भरलं तरच माफी. बाबांनी टाकी फुल केली, साडेचार हजार, गेली माफी. दोनदा स्वाइप करून सव्वादोन-सव्वादोन हजाराचं भरलं असतं तर पंचेचाळीस परत आले असते. आठ रुपये दहा पैसे तरीही गेलेच असते, कारण सरचार्ज परत येतो, त्याच्यावरचा जीएसटी परत येत नाही. आणि महिन्याला माफी किती? जास्तीत जास्त २५० रुपये. म्हणजे पंचवीस हजारांच्या डिझेलपर्यंत. स्कूटीवाल्याला ते खूप झालं. बाबांचं डिझेल महिन्याला चाळीस हजाराचं. तर सरचार्ज ४००, जीएसटी ७२, त्यातून माफी २५०. उरले २२२ रुपये. सगळे नियम पाळूनसुद्धा, प्रत्येक वेळी दोनदा स्वाइप करूनसुद्धा, महिन्याला २२२.

ही कार्डं बनवली कोणासाठी हे त्यावरून कळतं. गाडी चालवून पोट भरणाऱ्यासाठी नाही बनवलेली.

बरं, गंमत बघा, एक काळ असा होता की कार्डाने डिझेल भरलं की उलट पैसे परत मिळायचे. आठवतं का? नोटबंदी, नोव्हेंबर २०१६. मी तेव्हा कॉलेजात. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने जाहीर केलं की पंपावर डिजिटल पैसे दिले तर ०.७५ टक्के सूट. लोक कार्डं घेऊन रांगेत. आणि जेमतेम महिन्याभराने, जानेवारी २०१७ मध्ये, बँकांनी पंपवाल्यांना कळवलं की आता तुमच्याकडून एक टक्क्यापर्यंत कापणार. देशभरातल्या पंपवाल्यांच्या संघटनेने सांगितलं की मग ९ जानेवारीपासून कार्ड बंद. म्हणजे दिल्लीतून हाक येतेय कॅशलेस व्हा, आणि पंपवाला म्हणतोय रोख काढा. शेवटी सरकार मध्ये पडलं, ते कापणं पुढे ढकललं गेलं, आणि गिऱ्हाइकावरही नको, पंपवाल्यावरही नको, बँका आणि तेल कंपन्यांनी बघून घ्यावं असं ठरलं. क्रेडिट कार्डावरची ती सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. सूट गेली, सरचार्ज राहिला.

यूपीआयचं वेगळं आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्यावर एमडीआर शून्य. त्यामुळे बचत खात्यातून क्यूआर स्कॅन करून डिझेल भरा, तुमचा एक पैसा जास्त जात नाही, पंपवाल्याचाही नाही. ज्याच्या खात्यात आज पैसे आहेत त्याने बिनधास्त यूपीआय वापरावं, क्रेडिट कार्डाच्या नादी लागू नये. अडचण त्याची आहे ज्याच्या खात्यात आज पैसे नाहीत.

आणि यूपीआयही फुकटात पडतंय असं नाही, पंपवाल्याच्या बाजूने बघा. याच वर्षी मे महिन्यात विदर्भातल्या पेट्रोल पंपचालकांच्या संघटनेने जाहीर केलं होतं की १० मेपासून पंपांवर डिजिटल पैसे घेणार नाही. नाशिककडूनही तीच हाक. गावच्या ग्रुपवर त्या दिवशी नुसता गोंधळ, "रोख ठेवा, रोख ठेवा." कारण काय होतं? कोणीतरी कोणालातरी ऑनलाइन गंडवतो. ते पैसे चार खात्यांतून फिरतात, आणि त्यातलाच एक जण पंपावर येऊन पाचशेचं पेट्रोल टाकतो. ज्याला गंडवलं तो १९३० ला तक्रार करतो. पोलीस पैशाचा माग काढतात आणि पैसे ज्या ज्या खात्यात गेले ती खाती गोठवायला बँकेला सांगतात. त्यात पंपवाल्याचंही खातं येतं. पाचशे रुपयांसाठी लाखोंची उलाढाल असलेलं खातं बंद, टँकरचे पैसे भरता येत नाहीत. बाबांनी त्या आठवड्यात सनव्हायझरच्या मागे तीन हजार रोख खोचून ठेवले होते. ते अजून तिथेच आहेत. मी विचारलं तर म्हणाले, राहू दे.

तर कार्डाची गोष्ट इथपर्यंत. आता मी एक केलं, जे मी आधीच करायला पाहिजे होतं. चाळीस हजाराच्या डिझेलचा पूर्ण हिशोब लावला. बाबांनी २२२ रुपयांसाठी पंपावर आवाज चढवला, ठीक आहे. पण बाकीच्या ३९ हजारांचं काय?

ब्याण्णव रुपयांनी चाळीस हजाराचं डिझेल म्हणजे साधारण ४३५ लीटर. केंद्र सरकारचं उत्पादन शुल्क लीटरला १७ रुपये ८० पैसे. ते झाले ७,७०० च्या वर. मग महाराष्ट्राचा व्हॅट, डिझेलवर २१ टक्के. आणि हा २१ टक्के नुसत्या तेलावर लागत नाही. तेलाची किंमत, केंद्राचं शुल्क, वाहतूक, पंपवाल्याचं कमिशन, सगळ्याच्या बेरजेवर लागतो. करावर कर. तो होतो ६,९०० च्या वर. दोन्ही मिळून १४,६०० आणि वर काही. दर महिन्याला. चाळीस हजारातले.

मी हा आकडा तीनदा तपासला, कारण मला वाटलं माझं काही चुकलं.

२२२ रुपये बाबांना दिसले, म्हणून ते भांडले. साडेचौदा हजार दिसलेच नाहीत. का दिसले नाहीत? पंपाची पावती काढून बघा. दर, लीटर, रक्कम, गाडी नंबर, वेळ. कराची ओळच नाही! तुम्ही वीस रुपयांचं बिस्किट सुपर मार्केटमधून घ्या, बिलावर सीजीएसटी किती, एसजीएसटी किती, सगळं छापलेलं. बँकेने आठ रुपये दहा पैसे घेतले, तेही स्टेटमेंटमध्ये वेगळी ओळ टाकून. आणि ज्या वस्तूच्या भावात तिसऱ्या हिश्शाहून जास्त कर आहे तिच्या पावतीवर नुसता दर.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं असतं की ज्याची नोंद लॉगमध्ये येते त्याचाच बग लोक शोधतात. जे लॉगमध्ये नाही ते वर्षानुवर्षं चालतं.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही हे तुम्हाला माहीत असेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हे बाहेर ठेवलं. घटनेत तरतूद आहे, जीएसटी परिषद ज्या दिवशी शिफारस करेल त्या दिवसापासून आत येईल. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत हा विषय निघाला आणि आत्ता वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला. आता यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही सांगालच. राज्याच्या हातात स्वतःचे असे कर फार उरलेले नाहीत, दारू आणि इंधन हे त्यातले मोठे. ते गेले तर रस्ता, दवाखाना, शिक्षकाचा पगार कुठून आणायचा हा प्रश्न खोटा नाही. माझी तक्रार कर आहे याची नाही. किती आहे ते पावतीवर लिहा, एवढीच आहे. आणि कशासाठी आहे तेही.

कारण कशासाठी याची आपल्याकडची यादी मजेशीर आहे. २०१५ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता. सरकारने दुष्काळ निवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लीटरमागे दोन रुपये अधिभार लावला. ठीक आहे, दुष्काळ होता, आम्हीही त्यातलेच. पुढच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. अधिभार काही गेला नाही. मग २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेलगतची दारूची दुकानं बंद झाली, राज्याचा महसूल बुडाला, आणि एप्रिलमध्ये पेट्रोलवर लीटरमागे तीन रुपये वाढवले. म्हणजे आमच्या बाबांसारखा माणूस, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही, तो मोटारसायकलमध्ये पेट्रोल टाकताना दुसऱ्याच्या न प्यायलेल्या दारूची भरपाई देत होता. [हसतो] हे मी त्यांना सांगितलं नाहीये अजून.

आणि भाव 'रोज बदलतो' ही अजून एक गंमत. पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला २०१० मध्ये, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा भाव. कच्चं तेल वाढलं तर वाढेल, उतरलं तर उतरेल, असं तत्त्व. तुम्ही एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन, जगात तेलाला गिऱ्हाईक नाही, कच्चं तेल मातीमोल झालेलं. पंपावर भाव उतरला? मे महिन्यात केंद्राने शुल्क वाढवलं, पेट्रोलवर दहा रुपये, डिझेलवर तेरा. उतरलेला सगळा भाव शुल्काने खाल्ला. नंतर कच्चं तेल चढलं तेव्हा मात्र पंपावरचा भाव नेमाने चढला. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोल शंभरच्या वर, ऑक्टोबरमध्ये डिझेलही. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केलं, जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये व्हॅट कमी केला. ते खरं आहे, तेही सांगायला पाहिजे.

पण मधला तुकडा बघा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून पुढे १३७ दिवस भाव हललाच नाही. रोज बदलणारा भाव! मध्ये उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागले, आणि २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत लीटरला दहा रुपये वाढ. त्यानंतर कंपन्यांनी स्वतःहून भाव बदलला तो मार्च २०२४ मध्ये, दोन रुपयांनी कमी, आणि त्यानंतर कोणती निवडणूक होती ते तुम्हाला माहीत आहे. या वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने शुल्क परत दोन रुपयांनी वाढवलं. पंपावर कोणाला कळलंही नाही, कारण ते कंपन्यांनी सोसलं. म्हणजे तेल तेवढं स्वस्त झालं होतं. ते दोन रुपये तुमच्याकडे येऊ शकत होते, ते आलेच नाहीत आणि येणार होते हेही कळलं नाही. १५.८० चे १७.८० झाले ते असे.

त्या सोळा दिवसांत आमच्या घरात काय होत होतं ते मला चांगलं आठवतं. बाबांचं खामगावचं भाडं एका अडत्याशी हंगामाच्या सुरुवातीला ठरलेलं. त्याला ते दोनशे रुपये वाढवून मागत होते. तो म्हणाला, "भाऊ, परवडत नसेल तर नका येऊ, छोटा हत्तीवाले रांगेत आहेत." आणि ते खरंच होतं. बाबा गेले, जुन्याच भाड्यात. डिझेलचा भाव वाढला की मोठी कंपनी करारात लिहून ठेवते की भाडं आपोआप वाढेल. पिकअपवाल्याचा करार तोंडी. त्याची वाढ त्याच्याच ताटातून जाते. त्या महिन्यात गाडीचा हप्ता मी भरला, नोकरी लागून मला एक वर्ष झालं होतं. बाबांनी तो पुढच्या दिवाळीत परत केला. मी नको म्हटलं तरी केला.

आता मला जे सांगायचं टाळावंसं वाटत होतं ते सांगतो.

मी कार्ड दिलं तेव्हा ॲपमध्ये ऑटो-पे लावलं. बाबा महिन्याच्या पाच तारखेच्या आत माझ्या खात्यात डिझेलचे पैसे टाकतात, आणि बिल आपोआप भरलं जातं. निदान मला तसं वाटत होतं. ऑटो-पे लावताना ॲप विचारतं, पूर्ण बिल भरायचं की किमान रक्कम? किमानवर टिक आधीच केलेली असते. मी घाईत पुढे-पुढे करत गेलो. पहिले काही महिने मी सवयीने बिल हातानेच भरलं, त्यामुळे काही कळलं नाही. ऑक्टोबरमध्ये म्हटलं, ऑटो-पे आहे ना. चाळीस हजाराच्या बिलापोटी दोन हजार कापले गेले. "पेमेंट मिळाले, धन्यवाद" असा मेसेज आला. मी तो बघितला आणि बाजूला सरकवला. बाबांचे पैसे माझ्या खात्यात पडून होते. अख्खे.

क्रेडिट कार्डाचं असं आहे की पूर्ण बिल भरलं नाही तर बिनव्याजी दिवस सगळेच जातात. व्याज उरलेल्या रकमेवर, बिलाच्या तारखेपासून, असं नाही. ज्या दिवशी डिझेल भरलं त्या दिवसापासून. महिन्याला साडेतीन टक्के. पुढच्या स्टेटमेंटमध्ये व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून दोन हजार चारशेच्या वर. आणि त्या महिन्यात नव्याने भरलेल्या डिझेललाही बिनव्याजी मुदत नाही.

म्हणजे त्रेपन्न रुपयांसाठी ज्या पोराला बाबा बोलले त्याची चूक शून्य होती. आणि दोन हजार चारशे ज्याच्यामुळे गेले तो पेमेंट सिस्टीम बनवून पगार घेतो.

मी ते पैसे गुपचूप भरून टाकू शकलो असतो. पण स्टेटमेंट बाबा वाचतातच. फोन केला, सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे तर तुह्याजवळच होते ना?" म्हटलं, हो. "मंग?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "बरं. जेवला का?"

आत्ता गावी आलोय तर गाडीत त्यांच्यासोबत दोन फेऱ्या केल्या. आम्ही नवीन पद्धत ठरवली. कार्ड आहे अजून, पण फक्त अडल्यावेळी, आणि त्या वेळी दोन स्वाइप, महिन्याला पंचवीस हजाराच्या आत. भाड्याचे पैसे ज्या दिवशी येतील त्या दिवशी बाबा यूपीआयनेच डिझेल टाकणार. ऑटो-पे पूर्ण रकमेवर. तुम्ही हे ऐकताय ना, आत्ता एपिसोड थांबवा आणि तुमच्या ॲपमध्ये जाऊन तुमचं ऑटो-पे कशावर आहे ते बघून या. मी थांबतो.

पंपावर तोच पोरगा होता. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दुपारनंतर पंपावर येतो. बाबांनी त्याला चहा पाजला. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कोणी काही बोललं नाही. पोराने स्वतःच विचारलं, "काका, दोन डाव मारू का स्वाइप?"

आणि मी एक छोटी शीट केलीये. बाबा पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, मी रक्कम भरतो, आणि ती त्यात केंद्राचे किती, राज्याचे किती, पंपवाल्याचे किती हे काढते. पावतीवर जी ओळ नाही ती. पहिल्या आठवड्यात रोज रात्री त्यांना पाठवत होतो. चौथ्या दिवशी रिप्लाय आला, "हे जेवायच्या टाइमाले नको पाठवत जाऊ." तेव्हापासून सकाळी पाठवतो.

शीटची लिंक खाली वर्णनात टाकतोय. दर तुमच्या गावचा टाका, कारण डेपोपासून अंतर बदललं की भाव बदलतो. आमच्याकडे अकोल्याजवळ गायगावचा डेपो आहे, पण तुमचं अंतर वेगळं असेल. आणि तुमच्या घरात कोणी गाडीवर असेल, काळी-पिवळी, ट्रक, छोटा हत्ती, काहीही, तर त्यांचं भाडं शेवटचं कधी वाढलं ते त्यांना विचारून कमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात ते वाचून दाखवीन. कुत्रं आता झोपलंय. चला, भेटू.